वाघीण धक्क्याला घासते? मॉडेल रेल्वेवर मालधक्का बसवण्याचा क्रम

गेल्या दिवाळीपासून आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या घरी तिघं जण एकच तक्रार घेऊन आले. मालधक्का (माल चढवायचा-उतरवायचा फलाट) सुंदर झालाय, रंग झालाय, पोती रचून झालीत, आणि गाडी ढकलली की वाघीण (मालगाडीचा डबा) धक्क्याच्या कडेला घासते किंवा थेट रुळावरून उतरते. एकाने माप टेबलाच्या कडेपासून घेतलं होतं. दुसऱ्याने एकच छोटी वाघीण उभी करून तिच्या बाजूला धक्का टेकवला होता. तिसऱ्याने धक्का आधी चिकटवला आणि खडी नंतर टाकली. चुका वेगळ्या दिसतात, पण मूळ एकच: तिघांचाही धक्का पक्क्या रुळाच्या मापाने बसलेला नव्हता.

धक्क्याचं माप दोनच ठिकाणांहून घ्यायचं. आडवं माप रुळांच्या मध्यरेषेपासून, उभं माप रुळाच्या माथ्यापासून. वाघिणी बदलतात, टेबल फुगतं, रुळाखालचा कॉर्क दबतो. मध्यरेषा आणि माथा मात्र गाडी स्वतःबरोबर घेऊन चालते. पुढचे सगळे टप्पे याच एका गोष्टीवर उभे आहेत, म्हणून क्रम मोडू नका.

इथली सगळी मापं एचओची आहेत, म्हणजे १:८७ प्रमाण आणि दोन रुळांत १६.५ मिमी. एन मापात (१:१६०) काम करणाऱ्यांनी माझे आकडे ०.५४ ने गुणावेत, ओओ मापवाल्यांनी (१:७६) १.१४ ने. फक्त वाघिणीची डगमग गुणून काढू नका, ती आपल्या गाडीवर प्रत्यक्ष मोजायची असते.

## तयारी: काय जवळ हवं

व्हर्निअर कॅलिपर हवाच. डिजिटल असला तर उत्तम, पण साधा चालतो. शाळेतल्या पट्टीने हे काम होत नाही, कारण इथे अर्ध्या मिलिमीटरवर गाडी अडते. त्याशिवाय सुताराचा छोटा गुण्या, लहान पाणसळ, १ मिमी जाडीची स्टायरीन शीट, जाड पुठ्ठा, टाचण्या, बारीक पॉलिश पेपर आणि एक वही. उत्तरायण झाल्यावर बडोद्यात प्रत्येक गच्चीवर फाटके पतंग पडलेले असतात. त्यांच्या कामट्या गोळा करून ठेवा. सरळ, हलक्या आणि फुकट मिळणाऱ्या या काड्या फट तपासायला फार उपयोगी पडतात.

धक्क्याच्या अंगासाठी मी ५ मिमी सनबोर्ड वापरतो. तो ओल पीत नाही. एमडीएफ पावसाळ्यात कडेने फुगतो, आणि धक्क्याची कड म्हणजे नेमकी तीच जागा जिथे फुगणं परवडत नाही. थर्माकोल तर टाळाच. थिनरचा स्प्रे लागला की तो विरघळतो आणि कड कुरतडल्यासारखी होते.

नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची धातूची मापपट्टी कोणाकडून मिळाली तर घ्या. तिच्या कडेला गाडीच्या आजूबाजूला किती जागा मोकळी हवी त्याची आकृती कापलेली असते, धक्क्याच्या पायऱ्यांसकट. पण ती नसली म्हणून काम थांबत नाही. तिसऱ्या टप्प्यात आपली मापपट्टी आपण बनवणार आहोत.

## टप्पा १: सगळ्यात अडचणीची वाघीण शोधा

आपल्या सगळ्या वाघिणी टेबलावर मांडा. हो, सगळ्या. ज्या साइडिंगवर (धक्क्याच्या बाजूच्या रुळावर) कधी जाणार नाहीत असं वाटतं त्यासुद्धा. प्रत्येकीची पाच मापं वहीत लिहा:

सर्वात जास्त रुंदी, दाराची कडी, शिडी, पायरी आणि दाराचा रूळपट्टा धरून. अंगाची लांबी, कपलर (डबे जोडणारा आकडा) सोडून. दोन्ही बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या चौकटींच्या) खिळ्यांमधलं अंतर. रुळाच्या माथ्यापासून वाघिणीच्या फरशीची उंची. आणि छपराची उंची.

रुंदी मोजताना जवळजवळ सगळे जण फक्त पेटीची बाजू मोजतात. पेटी ३६ मिमी असते आणि दाराची कडी तिला ३७.५ करते. घासते ती कडीच.

आता वहीतून चार वाघिणी निवडा: सर्वात रुंद, सर्वात लांब, सर्वात उंच आणि सर्वात बसक्या फरशीची. कधी एकच वाघीण दोन जागा घेते. मालगाडीला लागणारं इंजिनही यात धरा. वाफेच्या इंजिनाचे सिलिंडर आणि केबिनच्या पायऱ्या नेमक्या धक्क्याच्या उंचीला येतात आणि बहुतेक वाघिणींपेक्षा बाहेर असतात. डबे ढकलत आत नेणारं इंजिन धक्क्यापर्यंत पोहोचत असेल, तर मोजणीत त्याचाही हक्क आहे.

तपासा: वाघीण रुळावर उभी करून बोटाने हलकेच एका बाजूला ढकला, मग दुसऱ्या बाजूला. चाकांची रुळातली मोकळीक आणि बोगीच्या खिळ्याची सैल मिळून अंग किती सरकतं ते मोजा. मधल्या स्थितीपासून एका बाजूला ०.५ ते ०.८ मिमी येणं नेहमीचं आहे. ही झाली तुमची डगमग. दीड मिमीच्या वर गेली तर आधी बोगीचा स्क्रू बघा, धक्क्याचं नंतर.

भारतीय ब्रॉडगेजच्या वाघिणी एचओत करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. ब्रॉडगेज १६७६ मिमी, म्हणजे १:८७ मध्ये १९.२ मिमी. आपण मात्र बहुतेक जण तयार मिळणाऱ्या १६.५ मिमीच्या रुळांवर चालवतो. मध्यरेषेपासूनची मापं यामुळे बदलत नाहीत, कारण वाघिणीचं अंग प्रमाणातच असतं. पण तिचा पाया अरुंद होतो आणि ती जास्त डुलते. म्हणून या वाघिणींची डगमग वेगळी मोजा, परदेशी डब्यांची मोजलेली यांना लावू नका.

## टप्पा २: रूळ पूर्ण पक्का करा, खडीसकट

धक्का जिथे येणार तिथला रूळ आधी संपवा. कॉर्क, रूळ, वायर, रुळांच्या बाजूचा रंग, खडी, आणि खडीवरचा गोंद वाळलेला. वाळायला दोन दिवस द्या, पावसाळ्यात चार.

घाई होते ती इथेच. धक्का हा सगळ्यात देखणा भाग, म्हणून हात आधी तिकडे जातो. पण खडीचा गोंद वाळताना लवचिक रूळ अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे सहज ओढला जातो. धक्का आधी बसवला असेल तर मोजलेली फट तेवढ्याने कमी होते, आणि दोष धक्क्याचा वाटतो.

रूळ आडवा समतल आहे ना ते पाणसळ दोन्ही रुळांवर ठेवून बघा. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण हिशेब करून पाहा. १६.५ मिमीच्या रुंदीत एक रूळ अर्धा मिलिमीटर खाली असला, तर धक्क्याच्या उंचीला वाघीण सुमारे ०.४ मिमी कलते, आणि ५० मिमी उंचीवरच्या छपराच्या कडेला तब्बल दीड मिमी. धक्क्यावर छप्पर असेल तर हाच दीड मिलिमीटर पुढे अंगाशी येतो.

इशारा: बडोद्यात मे महिन्यात माळ्यावरचं तापमान जानेवारीच्या सकाळपेक्षा २५ अंशांनी जास्त असणं नवल नाही. ९१४ मिमीचा एक लवचिक रूळ तेवढ्यात ०.४ मिमीच्या आसपास वाढतो. साइडिंगच्या जोडांत फट ठेवलेली नसेल तर ही वाढ बाजूला फुगवटा बनून येते, आणि धक्का नेमका तिथेच असतो. जोडात पोस्टकार्डच्या जाडीची फट ठेवा. हिवाळ्यात रूळ घालत असाल तर दोन कार्डांची.

## टप्पा ३: मापपट्टी बनवा

१ मिमी स्टायरीनचा ८० मिमी लांब आणि ४० मिमी उंच तुकडा घ्या. खालच्या कडेच्या मधोमध एक रेघ मारा, ती मध्यरेषा. रेघेच्या दोन्ही बाजूंना रुळाचे माथे नेमके बसतील अशा दोन खाचा कापा. खाचांची वरची कड रुळाच्या माथ्यावर टेकली पाहिजे आणि पट्टी आडवी हलता कामा नये. सैल झाली तर फेकून दुसरी कापा. स्टायरीन स्वस्त आहे.

आता याच पट्टीच्या एका बाजूला धक्क्याची आकृती कापायची आहे, पण त्यासाठी अंतर आणि उंची ठरलेली हवी. म्हणून पट्टी बाजूला ठेवून पुढचे दोन टप्पे कागदावर करा.

## टप्पा ४: सरळ रुळावर अंतर ठरवणं

भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेजच्या नियमात मध्यरेषेपासून फलाटाच्या कडेपर्यंतचं अंतर १६७० ते १६८० मिमी आहे. १:८७ मध्ये ते १९.३ मिमी होतं. गाडीची रुंदी ३२५० मिमी धरली तर अर्धी रुंदी १८.७ मिमी. म्हणजे कागदावर उरतात ०.६ मिमी. खऱ्या रेल्वेत हे चालतं, कारण तिथे रूळ मोजून राखला जातो आणि डबा टनावारी वजनाने आपल्या जागी बसतो. आपली वाघीण शंभर-सव्वाशे ग्रॅमची. तिची डगमगच ०.८ मिमी. म्हणून खरा आकडा भागून तसाच वापरला की गाडी अडणार हे ठरलेलं आहे. नियमाचं पुस्तक उघडून अचूक भागाकार केलेल्यांचे धक्केच जास्त घासतात, कारण त्यांनी बाकी सगळं बरोबर केलेलं असतं आणि चूक सापडतच नाही.

माझी बेरीज अशी: सर्वात रुंद वाघिणीची अर्धी रुंदी, अधिक डगमग, अधिक रंग आणि कडेच्या पट्टीसाठी ०.५, अधिक १ मिमी मोकळीक.

म्हणजे १८.७ अधिक ०.८ अधिक ०.५ अधिक १, एकूण २१ मिमी. माझ्या लेआउटवर सगळे सरळ धक्के २१ वर आहेत आणि डोळ्याला खटकत नाहीत. अमेरिकी वाघिणी चालवणाऱ्यांनाही हाच आकडा सोयीचा आहे, कारण तिथल्या नेहमीच्या डब्याची १० फूट ८ इंच रुंदी म्हणजे तीच सव्वातीन मीटर.

उरलेली दोन-सव्वादोन मिमीची फट मोठी दिसत असेल, तर ती कमी करू नका, झाका. खऱ्या धक्क्यावरही डबा आणि धक्का यांच्यामध्ये हमाल लोखंडी पत्रा टाकतात. पातळ स्टायरीनचा १५ मिमी बाय १० मिमी तुकडा गंजाच्या रंगात रंगवून धक्क्यावर ठेवा. चिकटवू नका. वाघीण लागली की सरकवायचा, निघाली की मागे घ्यायचा.

## टप्पा ५: वळण आणि सांधा

वळणावर वाघिणीचं पोट आतल्या बाजूला जातं आणि टोकं बाहेरच्या बाजूला. हे किती, ते साध्या गुणाकार-भागाकाराने निघतं.

आतल्या बाजूचं सरकणं: बोगींमधल्या अंतराचा वर्ग, भागिले त्रिज्येची आठपट.

बाहेरच्या बाजूचं सरकणं: अंगाच्या लांबीचा वर्ग वजा बोगी-अंतराचा वर्ग, भागिले त्रिज्येची आठपट.

५० फुटी बंद वाघीण घ्या. एचओत अंग १७७ मिमी, बोगी-अंतर १४३ मिमी. ६१० मिमी त्रिज्येच्या वळणावर ती आत ४.२ आणि बाहेर २.२ मिमी सरकते. ४५७ मिमी त्रिज्येवर आत ५.६ आणि बाहेर ३ मिमी. आता ८९ फुटी लांब वाघीण, अंग ३१३ आणि बोगी-अंतर २२४: ६१० च्या वळणावर आत १०.३ मिमी, बाहेर ९.८. म्हणजे सरळ रुळावरचा २१ मिमीचा धक्का इथे आतल्या बाजूला ३१ च्या पुढे ढकलावा लागेल. तेवढ्या दरीवर माल चढवणारा माणूस काय करेल?

त्यामुळे माझा सल्ला स्पष्ट आहे: वळणावर धक्का करू नका. जागा नसेल, घर छोटं असेल, तर धक्का छोटा करा पण सरळ रुळावर करा. अगदीच इलाज नसेल तर वळणाच्या बाहेरच्या बाजूला, मोठ्या त्रिज्येवर, आणि त्या साइडिंगवर फक्त छोट्या वाघिणी जातील असा स्वतःचा नियम करून.

पण फक्त सरळ रूळ निवडला की झालं असं नाही. सर्वांत जास्त लोक फसतात ते इथे. वाघिणीची पुढची बोगी सरळ रुळावर आली तरी मागची अजून वळणातच असते. तोवर पुढचं टोक तिरकंच चालतं आणि बाहेर झेपावतं. धक्का वळण संपल्या संपल्या सुरू झाला, तर त्याचा पहिला कोपरा या टोकाच्या वाटेत येतो. वर सांगितलेल्या लांब वाघिणीचं टोक वळणानंतर साधारण २७० मिमीपर्यंत सरळ होत नाही.

नियम: वळण संपल्यापासून धक्क्याच्या पहिल्या कोपऱ्यापर्यंत तुमच्या सर्वात लांब वाघिणीएवढा सरळ रूळ हवा. सांध्याची (जिथे एका रुळाला दुसरा फाटा फुटतो त्याची) वळलेली वाटही वळणच समजा. मोजणी सांध्याच्या शेवटच्या टोकापासून करा, त्याच्या जिभेपासून नव्हे.

माझ्या पहिल्या धक्क्याला हेच भोवलं. सांध्यापासून ९० मिमीवर कोपरा होता. ४० फुटी वाघिणी तीन महिने बिनबोभाट जात होत्या, म्हणून मी वर गोदामही बांधून टाकलं. मग लांब वाघीण आणली आणि ती पहिल्याच फेरीत कोपऱ्याला अडकून आडवी झाली. गोदाम, छप्पर, दिवे सगळं उतरवावं लागलं. तेव्हापासून मी सर्वात लांब वाघीण नसेल तर पुठ्ठ्याची करतो: खऱ्या मापाचा पुठ्ठ्याचा तळ, त्याला दुसऱ्या डब्याच्या दोन बोगी योग्य अंतरावर. उद्या येणाऱ्या वाघिणीची चाचणी आजच होते.

## टप्पा ६: उंची

ब्रॉडगेजच्या मालधक्क्याची उंची रुळाच्या माथ्यापासून जास्तीत जास्त १०६५ मिमीच्या आसपास असते, म्हणजे एचओत १२.२ मिमी. प्रवासी फलाट त्याहून बसका, ७६० ते ८४० मिमी, म्हणजे जेमतेम ८.७ ते ९.६ मिमी. तयार मिळणारे प्रवासी फलाट मालधक्का म्हणून लावणारे बरेच आहेत. मग पोतं उचलून देणारा माणूस फरशीपर्यंत पोहोचत नाही आणि ते चित्र काहीतरी चुकल्यासारखं दिसत राहतं.

नियम एकच: धक्का वाघिणीच्या फरशीच्या वर जाता कामा नये. अर्धा ते एक मिमी खाली असावा. वहीतली सर्वात बसक्या फरशीची वाघीण इथे निर्णय देते. कारण सोपं आहे. बाहेर उघडणारी दारं असलेले बर्फाचे डबे किंवा आधी बाहेर येऊन मग सरकणारी दारं असलेल्या वाघिणी, यांची दारं धक्क्याच्या पातळीवरून फिरतात. धक्का वर असेल तर दार उघडणारच नाही.

फरशी मोजण्याआधी कपलरची उंची बघा. रुळाच्या माथ्यापासून कपलरच्या मध्यापर्यंत २५/६४ इंच, म्हणजे ९.९ मिमी हवेत. वाघीण उंच किंवा बसकी उभी असेल तर आधी बोगीखाली वॉशर घालून किंवा काढून ती दुरुस्त करा. चुकीच्या उंचीच्या वाघिणीवरून धक्क्याची उंची ठरवली की पुढच्या दहा वाघिणी त्या चुकीला जुळवाव्या लागतात.

आता बोर्डापासून हिशेब. बोर्डाच्या पृष्ठभागापासून रुळाच्या माथ्यापर्यंत किती, ते धक्क्याच्या लांबीत तीन ठिकाणी मोजा. माझ्याकडे ते ९.४ मिमी आलं. त्यात १२.२ मिळवले की धक्क्याची एकूण उंची २१.६. ५ मिमी सनबोर्डचे चार थर म्हणजे २०, वर दीड मिमी स्टायरीन. ०.१ कमी पडला तरी चालतो, जास्त झालेला चालत नाही.

तिन्ही ठिकाणी माप वेगळं आलं तर सर्वात कमी आलेलं धरा.

## टप्पा ७: मापपट्टी पूर्ण करा, मग कच्चा धक्का

आता तिसऱ्या टप्प्यातली पट्टी काढा. मध्यरेषेपासून २१ मिमीवर उभी खूण, माथ्यापासून १२.२ मिमीवर आडवी खूण. तो कोपरा कापून काढा. पट्टी रुळावर ठेवून सरकवली की धक्क्याची कड नेमकी त्या कापलेल्या कोपऱ्यात बसली पाहिजे, टेकली पाहिजे पण पट्टीला ढकलता कामा नये. पट्टीवर रुळाचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. दुसऱ्या साइडिंगला दुसरी पट्टी.

लगेच खरा धक्का करू नका. जाड पुठ्ठ्याचा धक्का त्याच मापाचा कापा, टाचण्यांनी जागेवर लावा, आणि गाडी चालवा. इंजिन लावून आणि हातानेही. हाताने ढकलल्यावर बोटाला घासणं लगेच कळतं, इंजिनाचा जोर ते लपवतो.

चाचणीचा क्रम: निवडलेल्या चारही वाघिणी, एकेक करून. मग जोडून, कारण ढकलताना कपलरच्या दाबाने वाघिणी बाजूला कलतात आणि ओढताना नाही. मग त्याच वाघिणी उलट्या तोंडाने, कारण शिड्या आणि कड्या दोन्ही बाजूंना सारख्या नसतात.

यानंतर माझी आवडती चाचणी. सर्वात रुंद वाघिणीच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या मिमीची स्टायरीन पट्टी दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावा आणि ती चालवा. ही जाडी वाढवलेली वाघीण धक्क्याला न शिवता गेली, तर बाकी सगळ्या जातील. शिवली, तर धक्का मागे सरकवा. धक्क्यावर खडूची पूड चोळून ठेवली की कुठे शिवली ते वाघिणीवर उमटतं.

इशारा: घासतं म्हणून वाघिणीची कडी कापू नका. मी दोघांना हे करताना पाहिलंय. वाघीण बाजारातून परत येत नाही, पुठ्ठा परत येतो.

## टप्पा ८: धक्क्याची लांबी आणि दारं

धक्क्यामागच्या गोदामाला दारं असतील, तर त्यांचं अंतर वाघिणींच्या दारांशी जुळलं पाहिजे. ४० फुटी वाघिणी जोडलेल्या उभ्या असताना एका दाराच्या मध्यापासून पुढच्या दाराच्या मध्यापर्यंत एचओत साधारण १५५ मिमी पडतात, ५० फुटींमध्ये १९० च्या आसपास. आपल्या वाघिणी जोडून मोजा, कारण कपलर कंपनीगणिक बदलतात.

मिश्र गाडी चालवणाऱ्यांनी दारं जुळवण्याच्या भानगडीत पडू नये. लांब उघडा धक्का करा, मागे भिंत, भिंतीत मनाला येतील तिथे दारं. खऱ्या मालधक्क्यावर माल धक्क्यावरून आडवा नेतातच.

साइडिंगच्या शेवटच्या बफरपासून पहिल्या वाघिणीच्या दारापर्यंतचं अंतर मात्र मोजा. बफर आणि दार यांचं गणित चुकलं की शेवटची वाघीण कायम धक्क्याच्या बाहेर लोंबकळते.

## टप्पा ९: छप्पर आणि खांब

छपराची पुढची कड वाघिणीच्या वर येणार की धक्क्याच्या कडेलाच थांबणार, ते आधी ठरवा. वर येणार असेल तर वहीतली सर्वात उंच वाघीण काढा. अमेरिकी मापात १७ फूट उंचीचा डबा एचओत ५९.५ मिमी, दुमजली कंटेनर ७०.६ मिमी. त्यावर किमान ४ मिमी मोकळीक द्या. छपराखालचे दिवे, वायर आणि कैच्या (छपराच्या आधाराच्या चौकटी) या मोकळिकीतून वजा करायच्या असतात, हे विसरलं जातं.

खांब धक्क्याच्या कडेपासून कमीत कमी १५ मिमी आत घ्या. कडेवर खांब उभे केले की दिसायला रेखीव वाटतं, पण दारासमोर खांब आला तर धक्क्याचा उपयोग संपला. आणि दुसरं कारण तुमचं बोट. वाघीण सोडवायला, उतरलेली चाकं रुळावर घ्यायला हात आत जायला हवा. छप्पर चिकटवू नका, बारीक चुंबकांवर किंवा नुसत्या खाचेत बसवा. आमच्याकडे सगळी छपरं उचलून निघतात.

## टप्पा १०: पक्कं बसवणं

रंग आधी, चिकटवणं नंतर. प्रायमर आणि रंगाचे दोन हात कडेला ०.२ मिमीपर्यंत जाडी देतात. कडेची लाकडी पट्टी किंवा रबराचे ठोकळे लावायचे असतील तर तेही आधी. धक्का चिकटवल्यावर कडेला पट्टी लावणं ही मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक आहे. दोन महिने चाललेला धक्का एका संध्याकाळी घासायला लागतो आणि माणूस रूळ उखडायला निघतो.

धक्का बोर्डाला चिकटवा, रुळाला किंवा खडीला नाही. रूळ आणि धक्का एकमेकांपासून सुटे राहिले तर उन्हापावसात दोघेही आपापलं हलतात. गोंद थेंबाथेंबाने मागच्या अर्ध्या भागातच लावा, म्हणजे पुढे कधी काढायची वेळ आली तर सुरी मागून घालता येते. मापपट्टी दोन टोकांना आणि मध्ये ठेवा, धक्का तिला टेकवा, मागून वजन ठेवा. वजन वरून ठेवलं तर सनबोर्ड दबतो आणि उंची चुकते.

गोंद वाळेपर्यंत पट्ट्या काढू नका. रात्रभर.

धक्का आणि स्लीपरच्या टोकांमधल्या जागेत शेवटची खडी टाकताना ती रुळाच्या बाजूला चढू देऊ नका. बोटाने नाही, रंगाच्या कोरड्या ब्रशने सारखी करा. मग सातव्या टप्प्यातली सगळी चाचणी पुन्हा, त्याच क्रमाने, जाडी वाढवलेल्या वाघिणीसकट.

## अजूनही घासत असेल तर

एकाच ठिकाणी घासतं: त्या जागी रूळ फुगला आहे. लांब पट्टी रुळाला लावून बघा.

फक्त एका टोकाला, तेही सांध्याच्या बाजूला: पाचवा टप्पा पुन्हा वाचा. धक्क्याचा कोपरा ३० मिमी तिरका कापला तरी बऱ्याचदा सुटतं.

फक्त ढकलताना: कपलर एका बाजूला दाबला जातोय किंवा वाघीण फार हलकी आहे. आत वजन घाला.

फक्त एकच वाघीण सगळीकडे: दोष तिच्या बोगीत आहे.

जुलै-ऑगस्टमध्येच: बोर्ड फुगला आहे. ऑक्टोबरपर्यंत कशालाही कानस लावू नका. मी मापपट्टी प्रत्येक धक्क्याशेजारी खिळ्याला टांगून ठेवतो आणि वर्षातून दोनदा फिरवतो, एकदा होळीनंतर आणि एकदा गणपती गेल्यावर. त्या दोन आकड्यांमधला फरक वहीत लिहिलेला असला की पुढचा धक्का बसवताना १ मिमी मोकळीक पुरे की सव्वा हवी, ते आपल्या घरापुरतं नक्की ठरवता येतं.